गोठलेली जमीन दगडासारखी कडक असते, मग तिथे बांधायला आणि खणायला अडचण काय?

तू विचारलंयस की उत्तर ध्रुवाकडे जमीन बारा महिने गोठलेली असते, दगडासारखी टणक, मग पाया घ्यायला अडचण कसली, उलट काम सोपं व्हायला हवं, आणि खाणीत तर छत-भिंती आपोआप धरून राहत असतील. प्रश्न अगदी बरोबर आहे, मी पण डोक्यात हेच घेऊन इकडे आलो होतो. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये बावीस वर्षं जिओटेक्निकलचं, म्हणजे जमीन आणि पाया तपासायचं काम करतोय, यलोनाइफ, इनूविक आणि वरच्या टुंड्रातल्या हिऱ्यांच्या खाणी, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो, वेळ काढून वाच.

पहिल्या वर्षीची गोष्ट. मार्च महिना, बाहेर उणे ३८, ड्रिलिंग चालू होतं आणि माझ्या सिनिअरने बोअरमधून निघालेला हातभर लांबीचा कोअर, म्हणजे जमिनीचा गोल दांडका, माझ्या हातात दिला. राखाडी गाळाची माती आणि मधे मधे बर्फाचे आडवे पातळ थर, चिरोट्याला पापुद्रे असतात ना, डिट्टो तसे. काही थर कागदाएवढे, काही बोटाएवढे जाड. हातोडा मारला तर नुसता टवका उडाला. सिनिअर म्हणाला, हा बादलीत टाक, हीटरशेजारी ठेव आणि संध्याकाळी बघ. संध्याकाळी बादलीत तळाला पिठल्यासारखा सैल चिखल आणि वर चार बोटं स्वच्छ पाणी. आता ह्याच्यावर तुझी तीन मजली बिल्डिंग उभी आहे असं समज. पाणी निघून गेलं की ती चार बोटं जागा रिकामी होणार, आणि बिल्डिंग तेवढी खाली बसणार, तीही सगळीकडून सारखी नाही, एका कोपऱ्याला जास्त, दुसऱ्याला कमी. तडे पडतात ते ह्या कमीजास्तामुळे.

तू कराडकडचा आहेस म्हणून आपल्या काळ्या मातीचं उदाहरण देतो. काळ्या मातीत पाया घेताना आपण तिची ताकद किती एवढं बघून थांबत नाही, पाणी लागल्यावर ती फुगेल किती आणि उन्हाळ्यात भेगाळेल किती हे बघतो. तिथे सगळा खेळ ओलाव्याचा. इकडे तोच खेळ तापमानाचा आहे. पर्माफ्रॉस्ट म्हणजे जी जमीन सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाला किंवा त्याखाली आहे ती, बास, व्याख्या एवढीच. त्यात बर्फ किती, माती कुठली, ह्याबद्दल व्याख्या काहीच बोलत नाही. त्यामुळे कोणी मला म्हणालं की साइटवर पर्माफ्रॉस्ट आहे, तर माझा पहिला प्रश्न असतो, उणे किती? आणि दुसरा, बर्फ किती?

उणे ६ वरची जमीन आणि उणे १ वरची जमीन ह्या माझ्यासाठी दोन वेगळ्या वस्तू आहेत. उणे १ ला चिकणमातीतलं बरंच पाणी अजून द्रवच असतं, मातीचे कण त्याला धरून ठेवतात आणि गोठू देत नाहीत, त्यामुळे जमीन वरून गोठलेली दिसते पण लोड दिला की हळूहळू सरकत राहते, महिनोन्महिने. आणखी एक गोष्ट जी कॉलेजात शिकवतात पण तिचा अर्थ मला साइटवर कळला. १ किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे जमीन शून्याच्या जवळ आली की ती वर्षानुवर्षं उष्णता गिळत राहते आणि थर्मामीटरवर आकडा जवळजवळ हलत नाही. मालक खूश, रीडिंग स्थिर आहे म्हणतो, आणि आतून ताकद चाललेली असते. मला सगळ्यात जास्त भीती ह्याच साइट्सची वाटते, उणे अर्धा, उणे एक वाल्या.

हे सगळं लोकांना आधीपासून माहीत होतं असं समजू नकोस. सायबेरियात याकुत्स्कला व्यापारी कंपनीत काम करणाऱ्या शेर्गिन नावाच्या माणसाने १८२८ मध्ये विहीर खणायला घेतली, १८३७ पर्यंत खणत ११६ मीटर खाली गेला आणि तरी जमीन गोठलेलीच, पाणी नाहीच. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच विहिरीत थर्मामीटर सोडून तापमान मोजलं. म्हणजे रशियन लोकांकडे हे ज्ञान शंभर वर्षं जुनं होतं, पण १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने घाईघाईत अलास्का हायवे काढला तेव्हा बुलडोझरने वरची शेवाळाची चादर खरवडून काढली, जसा आपण कुठलाही रस्ता करताना वरचा थर काढतो तसा, आणि उन्हाळा आल्यावर खालचा बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला, गाड्या रुतायला लागल्या. ते शेवाळ म्हणजे जमिनीची गोधडी होती, उन्हाळ्याची उष्णता आत जाऊ देत नव्हती. पर्माफ्रॉस्ट हा इंग्रजी शब्दसुद्धा त्यानंतरचा, १९४३ चा, सैन्यासाठी रशियन साहित्य वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या सीमन म्युलर ह्या भूशास्त्रज्ञाने तो रूढ केला.

मग आता बांधतात कसं. पहिला मार्ग म्हणजे खडक शोधायचा. यलोनाइफसारख्या ठिकाणी ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, त्यावर बसलात तर पर्माफ्रॉस्टचा प्रश्नच संपतो, कारण खडकात वितळून बसण्यासारखा बर्फ फारसा नसतो. खडक नसेल तर जमीन गोठलेलीच ठेवायची, आणि ह्यासाठी घराची उष्णता जमिनीपर्यंत पोचू द्यायची नाही. म्हणून घर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उचलून घेतात, खाली मीटरभर किंवा जास्त मोकळी जागा ठेवतात, हिवाळ्यात तिथून उणे तीस-चाळीसचा वारा वाहतो आणि जमिनीला थंडी पाजत राहतो. सायबेरियातलं नोरिल्स्क शहर असंच पाइलवर उभं राहिलं, मिखाईल किम नावाच्या इंजिनिअरने तिथे ही पद्धत बसवली. पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइपसुद्धा पुरता येत नाहीत, इनूविकमध्ये ते इन्सुलेशनच्या पेट्यांमधून जमिनीच्या वरून घरोघरी नेलेत.

पाइल टाकायचा म्हणजे आपल्यासारखं बोअर मारून काँक्रीट ओतलं असं सहसा करत नाही, कारण काँक्रीट सेट होताना स्वतः तापतं, आजूबाजूची जमीन वितळवतं आणि मग गारठून नीट सेटही होत नाही. त्याऐवजी हिवाळ्याच्या शेवटी मोठं भोक मारायचं, स्टीलचा पाइप उभा करायचा, भोवती वाळू-पाण्याचा घट्ट काला ओतायचा आणि तो गोठायची वाट बघायची. पाइपला जमीन चिकटते ती ह्या गोठण्याने, सगळा लोड त्या चिकटण्यावर. उणे ६ ला हे लवकर होतं, उणे १ ला महिने जातात, आणि कॉन्ट्रॅक्टरला तेवढा धीर नसतो. ह्या एका मुद्द्यावर मी जेवढी भांडणं केलीत तेवढी दुसऱ्या कशावर केली नाहीत.

गॅरेज, वर्कशॉप, डिझेलच्या टाक्या, इथे मात्र घर उचलता येत नाही, शंभर टनी डंपर आत यायचा असतो. तिथे मुरमासारख्या खडीचा दीड-दोन मीटर भराव, त्यात फोमचं इन्सुलेशन, आणि भरावातून आरपार जाणारे हवेचे पाइप टाकतात, हिवाळ्यात उघडे ठेवायचे आणि उन्हाळ्यात बंद. एका खाणीवर (नाव सांगत नाही) मी असंच वर्कशॉप डिझाइन केलं होतं. तिसऱ्या वर्षी फोन आला की मोठा शटर दरवाजा अडकतोय. गेलो, फरशीवर लेव्हल लावली तर मधला भाग ९ सेंटिमीटर खाली. फरशीखालचे थर्मिस्टर (तापमान मोजणारे सेन्सर) वाचले, जिथे उणे ४ असायला हवं होतं तिथे अधिक २. बाहेर जाऊन बघतो तर हवेच्या पाइपांच्या तोंडांवर प्लायवूडचे तुकडे स्क्रूने पक्के बसवलेले. मेकॅनिक लोकांचे पाय गारठायचे, फरशी थंड लागायची, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी माणुसकीने ते बंद केले होते. त्या माणसावर मी रागावू शकलो नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की फरशी थंड लागणं हेच त्या बिल्डिंगचं काम आहे. ड्रॉइंगवर मी एका कोपऱ्यात टीप लिहिली होती, पण ड्रॉइंग ऑफिसात आणि माणूस वर्कशॉपमध्ये. तेव्हापासून मी पाइपांच्या तोंडापाशी पत्र्याचा बोर्ड लावूनच काम हँडओव्हर करतो, आणि फोरमनला सोबत घेऊन एकदा फिरवतो.

अशीच गोष्ट घराखाली सामान ठेवण्याची. लोक मोकळ्या जागेत स्नोमोबिल, लाकडं, जुने सोफे कोंबतात, वारा थांबतो. किंवा रस्त्यावरचा बर्फ ढकलून घराच्या भिंतीला लावतात. बर्फाचा ढीग म्हणजे पुन्हा गोधडीच, ह्या वेळी हिवाळ्याची थंडी बाहेर ठेवणारी, त्यामुळे ज्या बाजूला ढीग तिकडची जमीन गरम राहते आणि दोन-तीन वर्षांत तो कोपरा बसतो.

वर्कशॉप शेवटी थर्मोसायफन लावून सावरलं. ही वस्तू मला फार आवडते म्हणून थोडं थांबून सांगतो. बंद स्टीलची नळी, आत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड किंवा अमोनिया, खालचं टोक जमिनीत, वरचं टोक हवेत आणि त्याला पंख्यासारख्या पट्ट्या. हिवाळ्यात खालचा द्रव जमिनीची उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, थंड हवेत पुन्हा द्रव होऊन भिंतीवरून खाली ओघळते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम झालं की चक्र आपोआप थांबतं. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. अलास्काची मोठी तेलाची पाइपलाइन, १९७७ मध्ये सुरू झालेली, जवळपास १,३०० किलोमीटर, तिचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीच्या वर खांबांवर आहे कारण आतून गरम तेल वाहतं, आणि त्या खांबांमध्ये ह्याच प्रकारच्या एक लाखाहून जास्त नळ्या आहेत. फोटोत खांबांच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचे तुरे दिसतात ना, ते हेच.

दुर्लक्ष झालं तर काय होतं ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुन्हा नोरिल्स्कचंच. २९ मे २०२० ला तिथल्या पॉवर प्लांटच्या डिझेल टाकीखालचा आधार खचला आणि साधारण २१ हजार टन डिझेल बाहेर पडलं, बरंचसं नदीत गेलं, पाणी लाल दिसत होतं. कंपनीने पर्माफ्रॉस्ट वितळण्याकडे बोट दाखवलं, सरकारी तपासात डिझाइन आणि बांधकामातल्या चुका पुढे आल्या. माझ्या मते ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. जमीन गरम होत चाललीये हे दिसत असताना आधार न तपासणं हीसुद्धा चूकच, आणि पाइल थोडा जास्त खोल असता तर तीच गरमी कदाचित पचली असती.

आता खाणीकडे येतो. तुझा अंदाज इथे अर्धा बरोबर आहे. १८९६ नंतर कॅनडातल्या क्लोंडाइकला सोन्यासाठी लोक धावले तेव्हा सोनं होतं गोठलेल्या खडीत खाली खडकाजवळ, आणि कुदळ चालेना. मग रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, सकाळी जी फूटभर माती सैल झाली ती काढायची, पुन्हा पेटवायचं, असं करत करत खाली जायचं, आणि हे सगळं हिवाळ्यात, कारण उन्हाळ्यात खड्डा पाण्याने भरतो. भिंतींना लाकडाचा टेकू लागायचा नाही, गोठलेली खडी स्वतःच उभी. पुढे वाफेच्या नळ्या ठोकायला लागले, आणि नंतर अलास्कात लक्षात आलं की वाफ नको, नदीचं साधं थंड पाणी नळ्यांनी जमिनीत सोडलं तरी काम होतं आणि कितीतरी स्वस्तात, कारण आठ-दहा अंशांचं पाणीसुद्धा बर्फापुढे गरमच.

गोठलेली खाण गोठलेली ठेवणं हे शास्त्र नीट वापरलं ते पोलारिसने. ७५ अंश उत्तरेला एका छोट्या बेटावरची जस्त-शिशाची खाण, १९८१ ते २००२ चालली. धातुक काढून झालेल्या पोकळ्यांमध्ये खडकाचा चुरा आणि पाणी भरायचं, ते गोठलं की तोच खांब, सिमेंट जवळजवळ नको. आणि उन्हाळ्यात आत जाणारी हवा रेफ्रिजरेशन प्लांटमधून गार करून सोडायची, आर्क्टिकमध्ये! ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब सरळ आहे, दोन महिन्यांच्या उबदार हवेने छत सैल झालं तर वर्षभराचं काम जातं. गोठलेल्या खाणीत त्रास पाण्याचा असतो तो वेगळाच, ड्रिलला पाणी दिलं तर भोकातच गोठतं म्हणून मिठाचं, कॅल्शियम क्लोराइडचं पाणी वापरावं लागतं, पण जास्त मीठ झालं की तेच पाणी भिंतीतला बर्फ खातं. आणि धूळ मारायला पाणी फवारता येत नाही, त्यामुळे धूळ प्रचंड, फुप्फुसांची काळजी घ्यावीच लागते.

आणि पर्माफ्रॉस्टच्या खाली काय आहे हेही बघावं लागतं. सायबेरियात याकुतियातली मीर ही हिऱ्यांची खाण, ५२५ मीटर खोल उघडा खड्डा आणि नंतर त्याच्या खाली भूमिगत खाण. तिकडे गोठलेल्या थराखाली खारं पाणी आहे, मिठामुळे ते शून्याखालीही गोठत नाही. ४ ऑगस्ट २०१७ ला वरच्या जुन्या खड्ड्यात साठलेलं पाणी खालच्या खाणीत घुसलं, आठ कामगार परत आले नाहीत. मी त्यांच्यापैकी कोणाला ओळखत नव्हतो, पण त्या आठवड्यात आमच्या साइटवर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती माझ्या गावचीच, यलोनाइफची जायंट माइन. १९४८ पासून सोनं काढलं. तिथलं सोनं आर्सेनिकवाल्या खनिजात अडकलेलं, ते भाजायला लागायचं, आणि भाजलं की आर्सेनिक ट्रायॉक्साइडची पांढरी बारीक पूड निघायची, विष, आणि पाण्यात विरघळणारी. सुरुवातीला ती धुराड्यातून हवेत जायची. जवळ राहणाऱ्या येलोनाइव्ह्ज डेने ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं पिण्याचं पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, आणि १९५१ मध्ये त्यांचं एक लहान मूल त्या विषाने गेलं. मग पूड पकडून खाणीतल्याच रिकाम्या खोल्यांमध्ये भरायला लागले, विचार असा की भोवती पर्माफ्रॉस्ट आहे, पाणी हलणार नाही, कायमचं बंद. पण यलोनाइफचा पर्माफ्रॉस्ट आधीच शून्याच्या जवळचा आणि तुकड्यातुकड्यात आहे, त्यात वर्षानुवर्षं खणकाम, उबदार हवा, वरून उघडे खड्डे, जमीन वितळली. आज तिथे जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन पूड पडून आहे, शेजारी ग्रेट स्लेव्ह लेक, आणि ज्यांनी सोनं नेलं ते केव्हाच गेले, खर्च सरकारच्या म्हणजे लोकांच्या डोक्यावर. उपाय काय ठरला, तर तेच थर्मोसायफन, त्या खोल्यांभोवती जमीन पुन्हा गोठवायची. आधी हे कायमचं म्हणून मांडलं होतं, डेने लोकांनी आणि शहरातल्या लोकांनी आवाज उठवल्यावर मुदत १०० वर्षं धरली आणि तोवर पक्का उपाय शोधत राहायचं असं ठरलं. थर्मोसायफन मला आवडतात हे वर लिहिलंच आहे, पण तिथल्या नळ्यांची रांग बघितली की पोटात खड्डा पडतो. पुढच्या चार पिढ्यांनी त्या नळ्या सांभाळायच्या आहेत, आणि त्यातल्या कोणीही त्या सोन्याचा एक कण पाहिलेला नसेल.

थंडीवर आमचं किती काय अवलंबून आहे हे सामान येण्यावरून पण कळतं. हिऱ्यांच्या खाणींना बारमाही रस्ता नाही, यलोनाइफजवळून गोठलेल्या तळ्यांवरून शेकडो किलोमीटरचा रस्ता दर हिवाळ्यात नव्याने करतात, तो साधारण फेब्रुवारी-मार्च असे आठेक आठवडे चालतो. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, स्टील, टायर सगळं त्या आठ आठवड्यांत. भरलेला ट्रक ताशी २५ च्या वर जायचा नाही, कारण बर्फाखाली पाण्यात लाट उठते आणि ट्रक वेगात असला तर तीच लाट पुढे बर्फ फोडते. २००६ चा हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद झाला आणि उरलेलं सामान विमानाने न्यावं लागलं, खर्च विचारू नकोस. इथून निघालेला कच्चा हिरा पुढे बऱ्याचदा मुंबई-सुरतला जातो पैलू पाडायला, बीकेसीच्या हिरे बाजारात कोणी कॅनेडियन माल म्हणालं तर तो खडा ज्या खाणीतून आला तिचं डिझेल अशा तळ्यावरून गेलेलं असतं.

तू शेवटी विचारलंयस की हे शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू. सॉइल मेकॅनिक्स तर हवंच, पण हीट ट्रान्सफर मेकॅनिकलवाल्यांचा विषय म्हणून सोडू नकोस, माझं निम्मं काम तेच आहे. जुनी तापमानं बघून डिझाइन करू नकोस, आर्क्टिक बाकीच्या जगापेक्षा कितीतरी पटीने वेगात तापतंय, १९८० च्या नोंदींवर काढलेला पाइल आज कमी खोल ठरतो. आम्ही आता बिल्डिंगच्या आयुष्यात जमीन किती गरम होईल ते धरून पाइल खोल नेतो. आणि जमीन कापायची नाही, फक्त भराव टाकायचा. इनूविक ते टुक्टोयाक्टुक रस्ता, २०१७ मध्ये उघडलेला, साधारण १४० किलोमीटर, असाच भराव टाकत बांधलाय आणि बरंचसं काम भर हिवाळ्यात केलंय, म्हणजे शेवाळाला धक्का लागू नये.

लडाखमध्ये उंचावर पर्माफ्रॉस्ट आहे, तिकडे जायची संधी मिळाली तर सोड नकोस. जाताना थर्मिस्टरची एक केबल घेऊन जा, भोकात सोड आणि दोन हिवाळे, दोन उन्हाळे रीडिंग घे. एका दिवसाच्या आकड्यावर पाया काढू नकोस. ड्रिलिंगचा कोअर कसा दिसतो ते हातात घेऊन बघ, आणि एक तुकडा बादलीत ठेवून संध्याकाळपर्यंत थांब.